धरणावरची बाई समुद्रात

शर्मिला रामटेके नारायण पेठेत राहते आणि शिडाच्या बोटीच्या शर्यतीत उतरते, असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पुण्यात समुद्र कुठाय?" शर्मिलेने या प्रश्नाला लांबलचक उत्तर देणं केव्हाच सोडून दिलंय. ती म्हणते, "नाहीये. म्हणून तर जावं लागतं."

वय एकसष्ट. उंची बेताची, केस बॉयकट, गुडघा उजवा कुरकुरता. आजोबा भंडाऱ्याकडून पुण्यात आले आणि खडकीच्या कारखान्यात मजूर म्हणून लागले. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरात एक नियम केला. मुलगा असो की मुलगी, शिक्षण अर्धं टाकायचं नाही. तो नियम शर्मिलेपर्यंत पोचला तेव्हा ती तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता झाली होती. पुढे नारायण पेठेत फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हा आडनाव ऐकून दोन मालकांची घरं "अगदी कालच" गेली. तिसऱ्याने आडनाव विचारलंच नाही, फक्त चौथ्या मजल्याला लिफ्ट नाही, चालेल का, एवढं विचारलं. चाललं. शर्मिलेला त्या माणसाचं नाव अजून पाठ आहे, पहिल्या दोघांची ती विसरली. तिचा स्वभाव हा असा आहे.

नोकरीतली सतरा वर्षं तिने खडकवासल्याच्या पाण्याची पातळी पाहण्यात घालवली. रोज सकाळी आठ वाजता पट्टी वाचायची, आकडा लिहायचा, वर कळवायचा. पावसाळ्यात दर तासाला. विसर्ग किती क्युसेक, कालव्याला किती, नदीला किती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. पण त्या पाण्यात तिने कधी पायाचं बोटही घातलं नव्हतं. जलाशयावर शिडाच्या होड्या शिकवणारा एक छोटा क्लब होता. त्याच्या धक्क्याची परवानगी तपासायला ती एक्कावन्नाव्या वर्षी गेली. तिथली शिकवणारी मुलगी, चैताली, म्हणाली, "मॅडम, कागद नंतर बघा, आधी एक चक्कर मारू." शर्मिला सरकारी फाईल मांडीवर घेऊन होडीत बसली. वाऱ्याची झुळूक आली, होडी कलली, आणि जे पाणी तिने इतकी वर्षं नुसतं लिहिलं होतं ते तिच्या हाताला लागलं. परवानगी तिने नियमाने पंधरा दिवसांनी दिली. नाव मात्र दुसऱ्या दिवशीच नोंदवलं.

हळूहळू त्या क्लबात पाच बायकांचं टोळकं जमलं. चैताली कप्तान, वय चौतीस, हिंजवडीत नोकरी, बोलणं कमी. डॉ. आनंदी दातांच्या डॉक्टर, त्या बोटीच्या पुढच्या टोकाला. सृष्टी चोवीस वर्षांची, तिचं अर्धं वाक्य इंग्रजीत असतं आणि दोरांच्या गाठी ती सगळ्यांत चटकन मारते. आणि लोणी काळभोरच्या मालनबाई. मुलीला शिबिराला सोडायला आल्या होत्या. मुलगी तीन दिवसांत कंटाळून घरी गेली आणि मालनबाई राहिल्या. विहिरीत पोहून वाढलेलं शरीर, ऊस तोडलेले हात; जो दोर दोघींना हलत नाही तो त्या एकट्या ओढतात. शर्मिलेला त्या इंजिनेरबाई म्हणतात.

समुद्रावरची बोट त्यांना दिली बापूरावांनी. हे जहाजावरचे निवृत्त कप्तान, राहणार पौड रोड. त्यांची "मैना" तेहतीस फुटांची, मांडव्याला असते. ती शर्यतीसाठी बांधलेलीच नाही. आत चार बाकं झोपायला, एक गॅसची शेगडी आणि दार न लागणारा संडास. सुट्टीत कुटुंबाने आरामात हिंडावं अशी ही नौका. पण अशा नौकांचीही वर्षातून एकदा शर्यत होते. मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी सुरुवात, दक्षिणेला अलिबागच्या पुढे टाकलेल्या तरंगत्या बोयाला वळसा, आणि परत वर मांडव्यासमोर शेवट. संध्याकाळी पाचच्या आत पोचलं तर नाव लागतं.

सराव कुठे करायचा? दर शनिवारी मांडवा परवडत नाही, ना वेळेला ना कंबरेला. म्हणून शर्मिलेच्या इमारतीच्या गच्चीवर खडूने "मैना" आखली. मोजून तेहतीस फूट. गुरुवारी सकाळी सहा वाजता पाच बायका त्या आकृतीत उभ्या राहतात. चैताली हुकूम देते, बाकीच्या जागा बदलतात, कपड्यांच्या दोऱ्या ओढतात. डावं-उजवं गोंधळ नको म्हणून त्या बाजूंना नावं पडली: उजवीकडे "नदीकडे", डावीकडे "रस्त्याकडे". भर समुद्रातही त्या तसंच ओरडतात. खालच्या मजल्यावरचे दिगंबरराव एकदा जिन्यात म्हणाले, "गच्चीवर बोट चालवता, अवश्य चालवा. नांगर तेवढा आमच्या बेडरूमवर टाकू नका."

"आधी कळवू," शर्मिला म्हणाली.

बोटीवर शर्मिलेचं काम पाण्याचं. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, पाणी कुठे आपल्याला साथ देईल, कुठे मागे ओढेल. हे काम तिने मागून घेतलं होतं. आकड्यांची तिला भीती नाही, आणि पाणी म्हणजे पाणी, असं तिला वाटलं होतं.

गेल्या वर्षी त्यातच ती फसली. परत येताना वारा पडला. तक्त्यात ओहोटी दोनला संपत होती. शर्मिला म्हणाली, बोट खोल पाण्यात मधोमध घ्या, दोन वाजता पाणी थांबेल आणि मग तिथेच सगळ्यात जोराने आपल्याला वर नेईल. धरणावरच्या माणसाचा हा हिशोब. पट्टीवर पातळी थांबली म्हणजे पाणी थांबलं. सतरा वर्षं हेच खरं होतं. समुद्राचं तसं नाही. पातळी खाली जायची थांबली तरी आतलं पाणी त्याच दिशेने वाहत राहतं, कधी तासभरसुद्धा. दोन वाजले, अडीच वाजले, आणि "मैना" शिडं वर करून सन्मानाने मागे मागे जात राहिली. मांडव्याला पोचल्या तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पंचांची बोट सामान आवरून निघून गेली होती.

शर्मिलेला कुणी एक शब्द बोललं नाही. परतीच्या गाडीत मालनबाईंनी भेळ वाटली, सृष्टीने गाणी लावली, डॉक्टर झोपल्या. कुणीतरी चिडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. खात्यात चूक झाली तर मेमो येतो, खुलासा द्यावा लागतो, मग विषय मिटतो. इथे मेमोच आला नाही. आठ दिवसांनी तिने चैतालीला गाठलं आणि म्हणाली, "पाण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

चैताली गाठ सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाला?"

"सृष्टीला. तिला फोनवर सगळं दिसतं."

"फोनवर बोट मागे चाललीय हे दिसतं, ताई. ते आम्हाला डोळ्यांनीही दिसत होतं. चूक तुमची आहे ना? मग दुरुस्तीही तुम्हीच करा."

शर्मिला घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, अजून एक वर्ष. पुढच्या शर्यतीतही माझं पाणी चुकलं तर मी बोटीवरून उतरणार. कायमची. त्या चौघींच्या वर्षाचं मी दरवेळी वाटोळं करायचं, हे बरोबर नाही."

सुदर्शनराव बँकेतून निवृत्त, पेपरातून डोकं न काढता ऐकणारे. "त्यांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर त्या नाही म्हणतील."

मग सुरू झाल्या मांडव्याच्या वाऱ्या. हिवाळ्यापासून पुढे अकरा रविवार. पहाटे स्वारगेटहून एसटीने अलिबाग, तिथून पुढे मांडव्याची जेट्टी. बरोबर दुर्बीण, घड्याळ, वही, आणि पिशवीभर संत्री. संत्रं पाण्यात जवळजवळ बुडून तरंगतं, वारा त्याला ढकलत नाही, नुसतं पाणी नेतं. शर्मिला ते एका खांबाशी सोडायची आणि पुढच्या खांबापर्यंत किती सेकंद लागतात ते लिहायची. सुदर्शनराव पहिल्या दोन वेळा कुरकुरत आले, नंतर आपण होऊन येऊ लागले.

"सगळी समुद्राला घालू नकोस," ते म्हणायचे, "एखादं इकडेही सोड."

जेट्टीवरच्या तिकीटवाल्याने तिसऱ्या रविवारी विचारलं, "मावशी, नवस आहे का काही?"

"हो," शर्मिला म्हणाली. "फेडायला अकरा महिने लागतील."

दूरच्या खोल पाण्याचं काय, तर तिथे कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये असतात. पाणी वाहतं त्या दिशेला ते कलतात. दुर्बिणीतून ती ते पाहायची. नवव्या रविवारपर्यंत वहीत एक गोष्ट पक्की बसली. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी तक्त्यातल्या वेळेच्याही आधी वळतं, साधारण पाऊण तास. मधलं खोल पाणी तासभर उशिरा. म्हणजे दोन-एक तास असे असतात, की बाहेरची बोट मागे ओढली जाते आणि काठची पुढे. वही भरली. आता प्रश्न होता तो हा, की ज्या चौघी तिच्यामुळे एकदा मागे गेल्या, त्या तिच्या शब्दावर पुन्हा बोट वळवतील का.

या वर्षीची शर्यत अष्टमीनंतर दोन दिवसांनी आली. सकाळी सातला नऊ नौका सुटल्या. जमिनीकडून वारा छान होता, ओहोटीही बरोबर होती, "मैना" सुखाने खाली गेली. साडेदहाला बोयाला वळसा घातला, तेव्हा त्यांचा नंबर सातवा होता. परत उत्तरेकडे तोंड केलं आणि तासाभरात, थळच्या अलीकडे, वारा पडला. शिडं ओल्या चादरीसारखी लोंबू लागली. ओहोटी समोरून येत होती आणि ती संपायला तक्त्याप्रमाणे अजून अडीच तास होते.

बाकीच्या नौका बाहेर, पश्चिमेला निघाल्या होत्या. दुपारचा वारा समुद्राकडून येतो, तो आधी बाहेर मिळतो, हे शाळकरी ज्ञान.

शर्मिला म्हणाली, "चैताली, नदीकडे घ्यायची. काठाला. चार मीटर पाणी राहील इतकं आत जायचं आणि नांगर टाकायचा."

सृष्टीने मान वळवली. "काकू, सिरियसली? रेसमध्ये अँकर?"

"चालतो. नियम वाचलाय मी. टाकलेला नांगर परत उचलून घ्यायचा, एवढंच."

"पण सगळे बाहेर चाललेत. गेल्या वेळी पण आपण..." सृष्टी तिथेच थांबली. वर्षभरात पहिल्यांदा ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालं होतं, अर्धं का होईना.

चैतालीने शर्मिलेकडे पाहिलं. एवढंसं. मग सुकाणू फिरवलं आणि म्हणाली, "नदीकडे. मालनबाई, नांगर काढून ठेवा. सृष्टी, खोली वाचत राहा, मोठ्याने."

उरलासुरला वारा वापरत "मैना" रांगत काठाकडे गेली. साडेसात. सहा. पाच. सव्वाचार. "टाका," चैताली म्हणाली आणि मालनबाईंनी नांगर सोडला. साखळी खडखडत गेली, बोट एक झटका घेऊन उभी राहिली. बाजूने एक मुंबईची नौका बाहेर जात होती. तिच्यावरून एकाने हाक दिली, "काय ताई, स्वयंपाकाला लागलात का?"

"या की जेवायला," मालनबाई ओरडल्या. "ठेचा हाय, झेपंल का बघा."

आणि खरंच जेवायला बसल्या. भाकरी, ठेचा, कांदा. शर्मिलेची भाकरी तशीच राहिली. अकरा वेळा पाहिलेलं बाराव्या वेळी घडेलच, असं समुद्राने तिला लिहून दिलेलं नव्हतं. शिवाय तिने पाहिलं होतं मांडव्याला, ही थळची बाजू. आज तिथीही वेगळी. पाऊण तास आधी म्हणता म्हणता पाणी तक्त्याच्याही नंतर वळलं तर? बोटीच्या बाजूने पाणी मागे पळत होतं. ती दर पाच मिनिटांनी संत्र्याची साल टाकत होती, आणि साल नाकापासून शेपटीकडे निघून जात होती.

साडेबाराला डॉक्टर आनंदींनी दुर्बीण उचलली आणि एकेक शीड मोजत गेल्या. मग म्हणाल्या, "अहो, ते सगळे मागे चाललेत."

खरंच चालले होते. सात नौका, शिडं वर, तोंडं मांडव्याकडे, आणि मागे मागे सरकत दक्षिणेला. फक्त "मैना" जागच्या जागी होती. एकही वीत पुढे न जाता तिचा नंबर सातवरून दुसरा झाला. पहिली नौका वारा पडायच्या आधीच निसटली होती.

एकला एक झुळूक आली. शिडाने हालचाल केली. सृष्टी उठून उभी राहिली. "काकू, आता? उचलू या का?"

"थांब."

"पण वारा..."

"हा वारा बोट ओढायचा नाही. साल अजून मागे जातेय. नांगर काढलास तर आपण पण गेलो त्यांच्यामागे."

सृष्टी बसली. झुळूक खरंच मेली. एक दहा. साल मागे. एक पंधरा, एक वाजून सतरा. पाऊण तासाचं गणित दोन मिनिटांनी उलटून गेलं होतं. तिने साल टाकली. साल बोटीला चिकटून नुसती गोल फिरली. पुढेही जाईना, मागेही नाही.

"उचला," ती म्हणाली.

वारा शून्य होता. शिडं लोंबत होती. अशा वेळी नांगर उचलायचा म्हणजे हातातला एकमेव आधार सोडायचा. दोन मिनिटं जरी चुकली असतील तर गेल्या वर्षीचाच खेळ पुन्हा, तोही जेवून वगैरे. पण चैतालीने काहीच विचारलं नाही. सालीकडे पाहिलं नाही, वही मागितली नाही. "मालनबाई, घ्या वर," एवढंच म्हणाली.

नांगर चिखलात रुतला होता. मालनबाई आणि डॉक्टर, दोघी पाय रोवून ओढत होत्या. मालनबाई त्या चिखलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. सुटला. "मैना" मोकळी झाली, क्षणभर घुटमळली. मग किनाऱ्यावरचा एक माड हळूच मागे सरकला. त्यानंतर दुसरा. वारा नव्हता, शिडं लोंबत होती, आणि बोट उत्तरेला, मांडव्याकडे चालली होती. पाणी तिला नेत होतं.

"ओ माय गॉड," सृष्टी अगदी हळू म्हणाली. "ते अजून मागेच जातायत."

सव्वादोनला समुद्राकडून खरा वारा आला. बाहेरच्यांना दहा मिनिटं आधी मिळाला, त्यांच्या नौकाही चपळ, त्यामुळे दोघींनी शेवटच्या टप्प्यात "मैना"ला गाठून मागे टाकलं. स्वयंपाकाची चौकशी करणारी त्यातच होती. जाताना त्या माणसाने टोपी काढली. चार वाजून अडतीस मिनिटांनी "मैना" मांडव्यासमोरच्या रेषेवरून गेली. पंचांच्या बोटीवरून भोंगा वाजला. नंबर चौथा. चौथ्याला बक्षीस नसतं. चौघी एकमेकींच्या पाठीवर थापा मारत सुटल्या, आणि शर्मिला बादली घेऊन नांगराचा चिखल धुवायला लागली, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना.

धक्क्याला बोट बांधल्यावर पाचही जणी मागच्या बाकांवर बसल्या. चहा झाला. शर्मिला भाषण करणारी नव्हे. निरोपसमारंभातही ती तीन वाक्यांत बसली होती. पण आज बोलली नसती तर गुदमरली असती.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "आज चुकलं असतं तर मी उतरणार होते. पुन्हा येणार नव्हते."

चैतालीने कप खाली ठेवला. "हे आम्हाला कधी सांगणार होता?"

"उतरल्यावर."

"वा," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि गेल्या वर्षी तुम्ही कुणीच मला बोलला नाहीत, त्याचा मला राग होता. मला वाटायचं, ही दया आहे. म्हातारी आहे, सोडून द्या. आज तू नांगर उचलायला सांगितलास, चैताली, आणि मला खात्री आहे का एवढंसुद्धा विचारलं नाहीस. का?"

"विचारलं असतं तर तुम्ही परत हिशोब करत बसला असता. वेळ नव्हता." चैतालीने कप पुन्हा उचलला. "आणि अकरा रविवार जेट्टीवर कोण जातं, ताई? सुदर्शनकाका दर सोमवारी फोन करून सांगायचे मला. आज इतकी संत्री गेली म्हणून."

शर्मिलेला हे ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं आकडे वर कळवले होते तिने. त्यांचं पुढे कुणी काय करतं, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. इथे एक कमी बोलणारी कप्तान आणि एक पेपरात डोकं घालून बसणारा नवरा वर्षभर तिचा आकडा न् आकडा राखत होते.

"मी तुमची फार ऋणी आहे," ती शेवटी म्हणाली. शब्द जड आले, पुस्तकी आले, पण खरे होते. "सगळ्यांची. आणि मालनबाई, तुमची जास्त. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त दोर तुम्ही ओढलात, हाताला फोड आले तुमच्या, आणि तुम्ही मला भेळ दिलीत."

मालनबाईंनी पदराने तोंड पुसलं. "आता तुमी खरं बोलताय तर मी बी बोलते, इंजिनेरबाई. भेळ दिली ती चैतालीनं डोळं वटारलं म्हणून. घरी जाऊन मी तुमाला लई शिव्या घातल्या. मालक म्हणलं, अगं बास, त्या बाईला उचक्या लागतील."

"काय म्हणालात?" शर्मिलेने विचारलं. तिला खरोखर ऐकायचं होतं.

"न्हाय सांगत. शिकलेल्या माणसापुढं बोलायजोगं न्हाय."

"सांगा. वर्षभर वाट पाहतेय मी."

मालनबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, शर्मिलेच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, काही न गाळता. शर्मिला रामटेके, निवृत्त अभियंता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता मालनबाईंचा फोडांचे वण असलेला हात धरून ठेवला तो गाडी येईपर्यंत सोडला नाही.